रायफलीला वाहिलेल्या अक्षता

"बाहेर पोलीस फुकटात गोळ्या घालतायत, आणि तू वर्गणी भरून गोळ्या झाडायला निघालीस?"

दर रविवारी सकाळी मी चपला घालायला लागले की आई हे विचारायची. प्रश्न बिनतोड होता. त्या वर्षी, म्हणजे छप्पन सालच्या जानेवारीत, आमच्या गिरगावात खरोखरच गोळीबार झाला होता. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या फळीला गोळीनं पाडलेलं भोक आम्ही येता-जाता बोट घालून बघत होतो, आणि ज्या घरातलं माणूस गेलं होतं त्या घरावरून जाताना सगळ्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा तर आमच्या चाळीत लहान मुलं पाळण्यातच शिकत होती. अशा दिवसांत मुलीनं रायफल चालवायला जाणं हे आईच्या मते एक तर वेडेपणाचं होतं, नाही तर सरकारला फितूर झाल्याचं लक्षण होतं. शिवाय मी चोवीस वर्षांची होते आणि स्थळं बघणं चालू होतं. "मुलीला काय काय येतं?" या प्रश्नाला आई घाईघाईनं "भरतकाम" असं उत्तर देऊन टाकायची.

मी फोर्टात एका कचेरीत टायपिस्ट होते. कॉलेजात असताना एनसीसीत पॉइंट टू-टूची रायफल हातात आली आणि पहिल्याच दिवशी माझा नेम बरा निघाला. आयुष्यात आपोआप जमलेली माझी ती एकमेव गोष्ट, म्हणून मी ती सोडली नाही. माहीमच्या खाडीच्या अंगाला एक लहानसा रायफल क्लब होता, त्याची सभासद झाले. गिरगावातून ट्रामनं दादर, तिथून बसनं माहीम. क्लबात महिला विभागही होता. सुरुवातीला आम्ही चौघी होतो. तिघींची लग्नं झाली आणि तेव्हापासून महिला विभाग म्हणजे मी. विभागाची सभा भरवायची तर एक आरसा पुरला असता.

रेंज म्हणजे एका टोकाला पत्र्याची शेड, दुसऱ्या टोकाला मातीचा उंच बांध, मध्ये पन्नास यार्ड गवत आणि त्या गवतावर वडिलोपार्जित हक्कानं चरणारी कोळीवाड्यातली एक शेळी. शेळी दिसली की गोळ्या थांबवायच्या असा नियम होता आणि तो शेळीलाही ठाऊक असावा, कारण ती नेमकी आमच्या पाळीला यायची.

क्लबाचे अध्यक्ष दादरचे एक वृद्ध डॉक्टर होते. कारभार चालवायचे ते चिटणीस. हे एका बँकेत हेडक्लार्क. नेम सोडला तर नेमबाजाला लागतं ते सगळं त्यांच्यापाशी होतं: कोपरांना कातडं शिवलेला कोट, एका डोळ्यावर बांधायची झापड, विलायतेहून मागवलेली पुस्तकं. टीममध्ये कोण खेळणार हे तेच ठरवायचे, आणि दर वेळी पहिलं नाव स्वतःचं घालायचे. माझं नाव घालायची त्यांची फार इच्छा असायची, असं ते दर वेळी सांगायचे.

पण क्लब खऱ्या अर्थानं चालायचा तो मिस्त्रींमुळे. पलटणीत हत्यारं दुरुस्त करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. निवृत्त झाल्यावर क्लबानं त्यांना नोकरीला ठेवलं. परळला चाळीत एक खोली, तिथं बायको, तीन मुलं आणि म्हातारे वडील. ते सगळं घर या पगारावर चालायचं. बोलणं मोजकं. रायफल हातात घेतली की आधी तिचा वास घ्यायचे आणि वासावरून सांगायचे, "काल हिला तेल दावलेलं न्हाई." सभासदांना ते घाबरत नसत, सभासद त्यांना घाबरत. चिटणीसांना हेच खुपायचं.

नवीन रायफल आली किंवा जुनीत काही बदल केला की मिस्त्री तिची परीक्षा घ्यायचे. त्याला ते 'टेस' म्हणायचे. रायफल टेबलावर वाळूच्या पिशव्यांमध्ये नीट बसवायची, म्हणजे माणसाच्या हाताची थरथर तिच्यात येत नाही. मग एकाच ठिकाणी नेम धरून पाच गोळ्या. त्या कुठं लागल्या याला महत्त्व नाही, एकमेकींच्या किती जवळ लागल्या हे बघायचं. मिस्त्री खिशातून एक गुळगुळीत झालेली पावली, म्हणजे चार आण्यांचं नाणं, काढायचे आणि कागदावरच्या भोकांवर ठेवायचे. पाचही भोकं पावलीखाली झाकली गेली तर रायफल पास.

"एका जाग्यावर मारती का, येवढंच बघायचं," ते म्हणायचे. "जागा चुकली तर स्क्रू फिरवून आनता येती. पन जी एका जाग्यावर मारतच न्हाई, तिला कोन काय शिकवनार?"

हे मला पुढं माणसांच्या बाबतीतही पटलं आहे.

दीड वर्षापूर्वी क्लबानं एक उंची विलायती रायफल घेतली होती. तिची खोड अशी की तिची नळी पुढच्या बाजूला लाकडी दस्त्याला कुठंच टेकत नसे. दस्त्याच्या खोबणीत ती अधांतरी असायची. नळी आणि लाकूड यांच्यात काडेपेटीतली काडी सरकेल एवढी फट. गोळी सुटताना नळी थरथरते. तिला मोकळं थरथरू दिलं तर ती दर वेळी सारखीच थरथरते, आणि गोळ्या एका जागी जातात. हे सगळं मिस्त्रींनी मला समजावून सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. समजलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं.

जानेवारीतल्या गोळीबारानंतर चौकीवरून हुकूम आला, की सगळ्या रायफलींचे बोल्ट काढून जमा करा. बोल्टाशिवाय रायफल म्हणजे महागडी काठी. सात-आठ महिने आम्ही रविवारी जमून काठ्या पुसत होतो. चिटणीस रिकाम्या रायफलीनं नेम धरून तोंडानं "ठो" म्हणायचे, आणि मग "बुल!", म्हणजे नेम अगदी मध्यावर, असंही तेच म्हणायचे. त्यांच्या नेमबाजीचा तो सुवर्णकाळ.

गणपतीनंतर बोल्ट परत मिळाले. एवढ्या दिवसांनी हत्यारं जिवंत झाली, तेव्हा यंदाची दसऱ्याची शस्त्रपूजा दणक्यात करायची असं कमिटीनं ठरवलं. एरवी पूजा चिटणीस करायचे आणि मांडामांड मिस्त्री. ते सगळ्या रायफली नळीपासून बोल्टापर्यंत तेलकट फडक्यात गुंडाळून ठेवायचे. दस्त्याचा मागचा भाग तेवढा उघडा. तिथं कुंकवाचं एक बोट, एक झेंडू, एक आपट्याचं पान. "पानी नको, तांदूळ नको," एवढंच सांगायचे. आम्हाला वाटायचं, पलटणीतली शिस्त असेल. चिटणीसांना वाटायचं, उद्धटपणा.

त्या वर्षी मात्र मिस्त्रींनी दसऱ्याची रजा मागितली. त्यांना नागपूरला जायचं होतं, बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला. परळची त्यांची सगळी चाळ निघाली होती, म्हाताऱ्या वडिलांसकट.

"दसऱ्यालाच?" चिटणीस म्हणाले. "अख्ख्या वर्षात दुसरा दिवस नव्हता?"

रजा नामंजूर झाली. मिस्त्रींनी अर्जाची घडी घालून तो खिशात ठेवला, कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली आणि बाहेर आले. मी फाटकाशी होते. "बाई," ते मला म्हणाले, "नव्या रायफलीला फडकं बांधून ठेवलंय. सोडू देऊ नका."

मी "हो" म्हटलं. इतकं सहज म्हटलं की आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दसऱ्याच्या दिवशी पूजेचं ताट कुणी करायचं हा प्रश्न आला, तेव्हा चिटणीस म्हणाले, "आपल्या भगिनी करतील." महिला विभागाला क्लबानं सोपवलेली ती पहिली आणि शेवटची कामगिरी. आईला मात्र आनंद झाला. क्लबात काहीतरी देवाधर्माचं होतंय म्हटल्यावर तिनं वाटीभर तांदूळ घेतले, एकही तुटका दाणा राहू दिला नाही, आणि कुंकू कालवून लालभडक अक्षता मला डब्यात भरून दिल्या. "सढळ हातानं टाका," म्हणाली.

शेडमध्ये चिटणीसांनी नवी रायफल पाटावर ठेवली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे काय फडकं? शस्त्रदेवतेची पूजा अशी मुंडासं बांधून करतात?"

"मिस्त्री म्हणाले होते, सोडू नका," मी म्हटलं.

"मिस्त्री नागपूरला आहेत," चिटणीस म्हणाले, आणि त्यांनी गाठ सोडली.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका क्लबाबरोबर सामना होता. टीमची यादी अजून लागायची होती. मी गप्प बसले.

मग मंत्र कुणी म्हणायचे असा पेच पडला. भटजी सांगायचे राहून गेले होते. सभासदांत गिरगावातले एक वकील होते, थट्टेखोर माणूस, आवाज खणखणीत. ते पुढं सरसावले. पण त्यांना पाठ असलेलं एकुलतं एक संस्कृत म्हणजे मंगलाष्टकं. त्यांनी तीच सुरू केली. एकदा सूर लागल्यावर थांबवणार कोण? चिटणीसांनी माझ्या डब्यातल्या अक्षता मूठ-मूठ सगळ्यांना वाटल्या. दर "सावधान"ला आम्ही अकरा माणसं त्या रायफलीवर अक्षतांचा मारा करत होतो. वर चिटणीसांनी फुलानं पाणी शिंपडलं. शेवटच्या "सावधान"ला वकिलांनी चिटणीसांचा हात धरून रायफलीच्या दस्त्यावर ठेवला. "लागलं एकदाचं," ते म्हणाले. सगळे पोट धरून हसलो. मीही हसले.

नांदायला मात्र नवरीनं पहिल्या दिवसापासून नकार दिला. नोव्हेंबरातल्या सामन्यात चिटणीस नवी रायफल घेऊन उतरले आणि शेवटून पहिले आले. यात नवीन काही नव्हतं, पण या वेळी त्यांना कारण सापडलं. रायफल बिघडलीय, आणि बिघडवली मिस्त्रींनी. मिस्त्री नागपूरहून परतले तेव्हापासून कपाटाची किल्ली त्यांना परत मिळालीच नव्हती, ही गोष्ट कुणी लक्षात घेतली नाही. कमिटीच्या बैठकीत एक जण हळूच म्हणाला, "हात तेच राहिले, पण धर्म बदलला. शस्त्र रुसणारच." कुणी त्याला गप्प बस म्हणालं नाही. मी तर कमिटीत नव्हतेच, नुसती चहा ओतत होते. पण मीही म्हणाले नाही.

ठराव झाला: येत्या रविवारी कमिटीसमोर रायफलीची परीक्षा. रायफल नापास झाली तर हयगयीबद्दल मिस्त्रींना कामावरून कमी करायचं. मिस्त्री दाराशी उभे राहून ऐकत होते. "टेस घ्या," एवढंच म्हणाले. "मला मंजूर."

त्या रविवारी झाडून सगळे सभासद हजर होते. सामन्यालासुद्धा एवढी माणसं येत नसत. खाडीवरून सुक्या मासळीचा वास येत होता. मिस्त्रींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. माणूस कोर्टात जाताना घालतो तसा तो सदरा होता.

"गोळ्या मी झाडतो," चिटणीस म्हणाले.

"म्हणजे परीक्षा रायफलीची की तुमची?" वकिलांनी विचारलं.

अध्यक्ष डॉक्टरांनी माझ्याकडं बोट दाखवलं. "या मुलीनं नव्या रायफलीला कधी हात लावलाय का? नाही ना? मग हिला झाडू दे. हिचं त्या रायफलीशी ना प्रेम, ना वैर."

वैर नव्हतं हे खरं. पण दीड वर्ष मी त्या रायफलीकडं दुकानाच्या काचेतल्या पैठणीकडं बघावं तशी बघत होते. ती पहिल्यांदा गालाला लागली आणि क्षणभर मी मिस्त्रींचा सदरा, चिटणीस, सगळं विसरले. पदर खोचला, श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला. पाचही गोळ्या झाडताना नेमाची जागा केसभर हलली नाही, हे मी शपथेवर सांगते.

कागद आणला. तीन भोकं डावीकडं एकमेकांना चिकटून, आणि दोन तिथून दीड इंच उजवीकडं, तीही एकमेकांना चिकटून. मध्ये कोरी जागा.

"अरेच्चा!" वकील ओरडले. "ही तर द्विभाषिक झाली!"

मुंबईचं द्विभाषिक राज्य होऊन तेव्हा पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते. शेडमध्ये हशा उसळला. "तीन मराठी, दोन गुजराती," कुणीतरी म्हणालं. "आणि मुंबई?" "मुंबई मधल्या कोऱ्या जागेत!" हसत नव्हते ते मिस्त्री आणि चिटणीस, दोघेच. मिस्त्रींनी पावली काढून ठेवली. तिच्याखाली तीन भोकं झाकली. उरलेल्या दोन भोकांकडं ते बघत राहिले.

"बघितलंत?" चिटणीस म्हणाले. "आणखी काय पुरावा हवा?"

"दस्ता उघडू द्या," मिस्त्री म्हणाले. "उघडायच्या आधी निकाल लावू नका."

अध्यक्षांनी मान हलवली. मिस्त्रींनी सावकाश स्क्रू काढले आणि नळी दस्त्यातून उचलली. मी टेबलाशी स्टुलावर बसले होते, त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर. खोबणीत पुढच्या टोकाला एका बाजूला काहीतरी लाल चिकटलं होतं. मिस्त्रींनी नखानं ते उचकटलं. तांदळाचा एक दाणा. पाण्यानं फुगलेला, मग वाळून, तेल पिऊन खड्यासारखा झालेला, कुंकवानं लाल. फटीत पाचरीसारखा बसला होता आणि नळीला एका अंगानं टेकू देत होता. नळी कधी त्याच्यावर बसे, कधी त्याच्यावरून घसरे. म्हणून दोन जागा.

मिस्त्रींनी तो दाणा बघितला. मग माझ्याकडं बघितलं. आणि मूठ मिटली.

"काय निघालं?" चिटणीसांनी विचारलं.

"काय न्हाई," मिस्त्री म्हणाले. "लाकूड फुगलं आसंल."

"म्हणजे निगा राखली नाही. संपलं. डॉक्टरसाहेब, ठराव वाचू का?"

मी त्या मिटलेल्या मुठीकडं बघत होते. आधी वाटलं, हे मला वाचवतायत. मग लख्ख उमजलं. चार आठवड्यांपूर्वी धर्म बदलून आलेला माणूस या सगळ्यांसमोर उभा राहून म्हणणार, की तुमच्या पूजेच्या अक्षतांनी रायफल बिघडली? रायफल बाजूला राहिली असती आणि धर्माच्या अपमानावर सभा पेटली असती. नोकरी गेली असतीच, वर शिव्याही मिळाल्या असत्या. म्हणून त्यांनी दोष आपल्या अंगावर घेतला होता. बोलायचं होतं ते मीच. आणि मला भीती वाटत होती. टीम, ही रायफल, हा रविवार, सगळं जाणार होतं. किती वेळ गप्प बसले कुणास ठाऊक. चिटणीसांनी चष्मा पुसून लावला आणि ठरावाचा कागद उलगडला, एवढा वेळ तरी नक्कीच. त्या वेळेची मला अजून लाज वाटते.

"तांदूळ आहे," मी म्हटलं. "त्यांच्या मुठीत तांदूळ आहे. दसऱ्याच्या अक्षतेचा. माझ्या आईनं केलेल्या अक्षता, आपण सगळ्यांनी टाकल्या. फडकं सोडू नका असं मिस्त्री मला सांगून गेले होते. मी सोडू दिलं."

"मूठ उघडा," डॉक्टर म्हणाले.

मिस्त्रींनी मूठ उघडली. घामानं कुंकू सुटलं होतं. सगळा तळवा लाल झाला होता. नुकतीच दीक्षा घेऊन आलेला माणूस हातावर कुंकू घेऊन उभा होता आणि तेलाच्या चिंधीनं ते पुसायचा प्रयत्न करत होता.

"हा तांदूळच कशावरून?" चिटणीसांनी विचारलं.

"मग काय, गहू?" वकील म्हणाले. "मी मंगलाष्टकं म्हटली, लक्षात आहे ना? तुमच्याच लग्नातल्या अक्षता आहेत या."

"पण एवढ्याशा दाण्यानं एवढी मोठी रायफल..."

"साहेब," मिस्त्री शांतपणे म्हणाले, "येवढाच दाना डोळ्यात गेला तर?"

डॉक्टर जागे झाले होते. चाळीस वर्षं रोगाची कारणं शोधलेला माणूस; त्यांना आता मजा वाटू लागली. "असं नाही. आधी दाण्याशिवाय पाच गोळ्या. मग दाणा परत आत, आणि पाच. दोन्ही बाजूंनी सिद्ध झालं पाहिजे."

मिस्त्रींनी रायफल जोडली. मी पाच गोळ्या झाडल्या. कागदावर एकच भोक होतं, कडा फाटलेलं, पावलीखाली झाकून भोवती जागा उरेल एवढं.

"आता दाणा घाला," डॉक्टर म्हणाले.

मिस्त्रींनी हात मागं घेतले. "मी न्हाई लावनार हात. उद्या म्हनाल, ह्यानंच कोंबला."

सगळ्यांनी चिटणीसांकडं बघितलं. घरी सोवळ्यात देवपूजा करणाऱ्या त्या माणसानं, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा करून, दोन बोटांच्या चिमटीत तो दाणा धरला आणि आपल्या हातानं विलायती रायफलीच्या खोबणीत दाबून बसवला. मी पाच झाडल्या. पुन्हा दोन जागा, द्विभाषिक. दाणा काढला, पाच झाडल्या. पुन्हा एकच भोक.

"संयुक्त महाराष्ट्र..." वकिलांना राहवलं नाही.

"झालाच पाहिजे!" शेड दणाणली, आणि भिंतीपलीकडून कोळीवाड्यातूनही तेच उत्तर आलं, कशाबद्दल ते माहीत नसताना.

पाचच मिनिटांत चौकीवरचा हवालदार टोपी सावरत धावत आला. आधी गोळ्यांचे आवाज, मग घोषणा. त्या वर्षी एरवी क्रम उलटा असायचा, त्यामुळं तो फारच गोंधळला होता. "कोण मेलं?" त्यानं धापा टाकत विचारलं. वकिलांनी त्याला एक द्विभाषिक आणि एक संयुक्त असे दोन कागद दाखवले. हवालदार रत्नागिरीकडचा होता. त्यानं दोन्ही कागद नीट बघितले, इकडं तिकडं बघितलं, आणि हळूच एकभोकी कागदाची घडी करून खिशात घातली.

सभेच्या वहीत चिटणीसांनी लिहिलं, "रायफलीत परकीय वस्तू आढळली. दोष कोणाचाही नाही. पूजा यापुढे रायफलीच्या पेटीची करावी." किल्ली मिस्त्रींना परत मिळाली. मला त्यानंतर दोन वर्षं टीममध्ये घेतलं नाही. घरी आईला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "एक दाणा तुटका निघाला नाही ना? मग माझा काय दोष?"

मिस्त्रींची माफी मागायचं मात्र राहून गेलं. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा हवेबद्दल बोलले. मग डिसेंबर आला. नागपूरला ज्यांनी दीक्षा दिली तेच त्या महिन्यात गेले. सगळ्या परळवर जे दुःख कोसळलं, त्यानंतर कितीतरी दिवस मिस्त्री कुणाशीच बोलले नाहीत, आणि माझी माफी फार किरकोळ वाटू लागली.

पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा दसऱ्याची रजा मागितली. या वेळी चिटणीसांनी चकार शब्द न काढता सही केली. आदल्या दिवशी मिस्त्रींनी कपाटाची किल्ली टेबलावर न ठेवता माझ्या हातात दिली. सोबत ती गुळगुळीत पावली. "परवा सकाळी टेस तुम्हीच घ्या," म्हणाले. दसऱ्याला मी पेटीपाशी बसून राहिले. वकिलांना मंगलाष्टकांची फार उबळ आली होती. त्यांना अंगणात पाठवलं. दुसऱ्या दिवशी पाच गोळ्या झाडल्या. पावलीखाली पाचही.

मिस्त्री आले, त्यांनी कागद बघितला, मान हलवली, आणि स्क्रू-ड्रायव्हर काढून दस्ता उघडायला बसले.

"माझ्यावर विश्वास नाही?" मी विचारलं.

"तुमच्यावर हाय. अक्षतांवर न्हाई."

खोबण स्वच्छ होती. ते बघून मला धीर आला आणि वर्षभर अडकलेलं एकदाचं बाहेर पडलं. "मिस्त्री, मागच्या वर्षी मी बोलायला उशीर केला. मला माफ करा. पण तुम्ही का नाही बोललात? दाणा तुमच्या हातात होता."

त्यांनी खोबणीवरून बोट फिरवलं.

"मी बोललो आसतो तर त्यो दाना राहिला नसता, बाई. भांडान झालं आसतं. तुम्ही बोलला, म्हनून तांदळाचा तांदूळच राहिला."

मग त्यांनी स्क्रू आवळले आणि रायफल कपाटात ठेवली. किल्ली माझ्याकडून परत घेतली. पावली मी पुढं केली तर ती तेवढी घेतली नाही.

"ती ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी," ते म्हणाले. "आता तुम्हीच बघत चला."